नऊ नंबरची नाडी

सतराव्या वाक्यापाशी माझं पेन अडलं. तोवर कसं सुरळीत चाललं होतं. तीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत, आणि वर ठळक अक्षरांत छापलेलं, कृपया नाव लिहू नये. नर्सिंगच्या मुलींना मरणाऱ्या पेशंटबद्दल काय वाटतं याचा कुणी एक बाई अभ्यास करत होत्या, आणि त्यांच्या अभ्यासापायी आमच्या तिसऱ्या वर्षाची अख्खी बॅच जेवणानंतरच्या तासाला जांभया दाबत वर्गात बसली होती. मी पहिल्या वाक्यापासून पहिल्याच चौकोनात खुणा करत खाली आले होते. मरणासन्न रुग्णाची सेवा हा मोलाचा अनुभव आहे : पूर्ण सहमत. त्याच्या नातेवाइकांनाही आधार लागतो : पूर्ण सहमत, लागतो म्हणजे काय, लागतोच. सगळ्या खुणा एकाखाली एक, पट्टी लावून काढल्यासारख्या. सतरावं वाक्य होतं, 'मरणासन्न रुग्णाजवळ बसून त्याचा हात हातात घेणं मला सहज जमतं.' तिथेही माझा हात आपोआप पहिल्या चौकोनाकडे गेला आणि मी तो मध्येच थांबवला. ही सफाई माझ्या ओळखीची होती. दहा दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी दहा वाजता, वॉर्डात याच हाताने आणि याच पेनाने मी असाच एक चौकोन भरला होता. नऊ नंबर, नाडी शहात्तर. नऊ नंबरला हात न लावता.

त्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. वॉर्डात चोवीस खाटा, प्रत्येकीचा ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, तेही दर चार तासांनी, आणि मोजणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी रूममेट लंबू. पुस्तकात लिहिलंय की नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. प्रत्यक्षात सगळ्या पंधरा सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात. त्यामुळे आमच्या बॅचचा चारचा पाढा झोपेतही चुकणार नाही. मला तर मुली तुरतुर म्हणतात. मी चालते भरभर, जेवते भरभर, बारा खाटा वीस मिनिटांत उरकून लंबूच्या बारांतल्या चार वर आणखी करते. इतके दिवस मला याचा अभिमानच होता. पण भरभर मोजणं वेगळं आणि न मोजणं वेगळं, एवढं मला कळत होतं. आणि सोमवारी सकाळी साडेदहा वाजता नऊ नंबरभोवती पडदा ओढलेला होता, हेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मधल्या अर्ध्या तासात काय झालं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. नऊ नंबरच्या बाई दहा वाजता जिवंत होत्या का, हाच तो प्रश्न. मी मेलेल्या बाईची नाडी शहात्तर लिहिली का? मी तिच्याकडे पाठ करून आकडा लिहीत होते, तेव्हा ती एकटीच गेली का?

नऊ नंबरच्या काकू कपडे शिवायच्या. चाळीस वर्षं मशीन चालवलेलं. भरती झाल्या तेव्हा चांगल्या बोलत होत्या. पहिल्याच दिवशी मी थर्मामीटर घेऊन वाकले, तर माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझी कॉलर डावीकडे ओढतेय. कुणी शिवलीय ही? उसवून आण, मी नीट बसवून देते." मी म्हटलं, "काकू, आधी तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू." त्यावर त्या हसल्या. 'पोरी, तूसुद्धा का,' असं काहीतरी त्या हसण्यात होतं. खोटा धीर देऊ नये हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात, आणि तोंडातून पहिलं वाक्य नेमकं तेच बाहेर पडतं. त्यांचा एक भाचा होता, तो कामावरून सुटल्यावर संध्याकाळी यायचा. दिवसभर त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर कुणी नसायचं. बाकीच्या खाटांजवळची माणसं ते स्टूल मागून न्यायची.

मग त्या बोलायच्या थांबल्या आणि त्यांचा श्वास बदलला. आधी उथळ, मग खोल, मग आणखी खोल, जिना चढून आल्यासारखा, मग कमी कमी होत एकदम बंद. पार बंद. पलीकडे नळ वाहतोय, ट्रॉलीचं चाक कुरकुरतंय, कुणाचीतरी मुलगी फोनवर भांडतेय, आणि या एका खाटेवर काहीच नाही. मग अचानक परत सुरू. पुस्तकात याला नाव आहे. परीक्षेत ते दोन मार्कांना आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. पण त्या शनिवारी मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तो थांबलेला श्वास मोजत होते, आणि मोजता मोजता चौदापर्यंत आले. चौदा म्हणजे काही फार नाही, म्हणायला. तिथे उभं राहून मोजावं, मग कळतं. पंधरा म्हणायच्या आत श्वास आला आणि मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. खरंच राग आला, त्या बाईचाच. असं ताटकळत काय ठेवता माणसाला! मग त्या रागाची लाज वाटली. त्या दिवसापासून नऊ नंबरकडे जाताना माझे पाय आठ नंबरपाशीच जड व्हायला लागले.

आठ नंबर म्हणजे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली एक टुणटुणीत मुलगी. सोमवारी दहाला मी तिची नाडी मोजली, शहात्तर. श्वास अठरा. तिचा चार्ट अडकवला, नऊचा काढला, आणि आठच्या खाटेला टेकूनच, नऊकडे पाठ करून, लिहिलं : नाडी शहात्तर, श्वास अठरा. त्या वेळी मी काय विचार केला हे मी दहा दिवस आठवतेय. काहीही विचार केला नाही. पाठीमागून श्वास ऐकू येत होता का? येत होता असं कधी वाटतं, कधी वाटतं की तो आठ नंबरचाच होता. मग मी लंबूला म्हटलं, चादरी संपल्यात, मी आणते, आणि लिननच्या खोलीत जाऊन चाळीस चादरींच्या घड्या घातल्या. कुणी सांगितल्या नव्हत्या. परत आले तेव्हा पडदा ओढलेला होता. मी चादरी कपाटात रचल्या, अगदी कडेला कड लावून. बाराला लंबू म्हणाली, "गेल्या गं काकू." मी म्हटलं, "हो, सुटल्या बिचाऱ्या." सुटल्या! जसं काही मीच सोडवायला गेले होते.

तसा दारापासून परत फिरायचा सराव मला जुना आहे. मी आठ वर्षांची असताना आईचे वडील आमच्या घरी मधल्या खोलीत आजारी होते. एका सकाळी आईने मला शेजारच्या काकूंकडे सापशिडी खेळायला धाडलं. शाळेचा दिवस असून. शेजारच्या ताईने मला सलग सहा डाव जिंकू दिले, तेव्हाच मला कळलं की घरी काहीतरी भयंकर चाललंय, कारण ती एरवी फासा पण धड टाकू द्यायची नाही. संध्याकाळी घरी आणलं तर मधली खोली धुतलेली, खिडकी सताड उघडी, खाट गायब. आई म्हणाली, आजोबा देवाघरी गेले. मी बरं म्हटलं आणि गृहपाठाला बसले. मी रडले नाही, काही विचारलं नाही, म्हणून आई आजही चारचौघांत सांगते, आमच्या मुलीचं काळीज घट्ट आहे, म्हणून तर तिला नर्सिंगला घातलं. घट्ट कसलं डोंबलाचं. त्या बंद दाराआड काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ते मनानेच रचत गेले. कधी आजोबा ओरडत असत, कधी काहीतरी त्यांना ओढून नेत असे, कधी ते माझं नाव घेत असत आणि मी पलीकडे शिडी चढत असे. पुढे शरीरशास्त्र शिकले, हृदय कसं बंद पडतं ते आकृतीसकट शिकले. पण ती खोली काही अभ्यासक्रमात आली नाही. नऊ नंबरभोवतीचा पडदा बघून मला तीच खोली दिसली होती.

"तुरतुर, अगं झालं की नाही? सगळ्यांचे गोळा झाले." लंबूने कोपर मारलं. ट्यूटर मॅडम टेबलापाशी कागद सारखे करत होत्या. मी पुढच्या तेरा वाक्यांवर भराभर खुणा केल्या आणि उठून फॉर्म दिला. त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "सतरावं राहिलंय."

"ते... नंतर भरू का मॅडम?"

"एका खुणेला नंतर कशाला? नाव नाहीये वर. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," मी म्हटलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "पाचपर्यंत आणून दे. पण खरं काय ते लिही. नाहीतर त्या बाईंच्या अभ्यासाला अर्थ काय?"

कॉलेजातून हॉस्पिटलला जायला रस्ता ओलांडायचा असतो, बस. औषधांची दोन दुकानं, चष्म्याचं एक, फळवाला, सावलीत उभ्या रिक्षा, आणि फाटक. तीन वर्षांत मी तो रस्ता हजारदा ओलांडला असेन. त्या दुपारी मात्र मी चष्म्याच्या दुकानापाशी पाच मिनिटं उभी राहिले आणि काचेतल्या चौकटी बघत मनाशी वाक्यं जुळवली. सिस्टर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. सिस्टर, त्या सोमवारी. सिस्टर, माझ्याकडून. परवा शनिवारी आमची या वॉर्डातली ड्यूटी संपणार होती. गप्प राहिले असते तर इन्चार्ज सिस्टरांनी माझ्या ड्यूटीच्या वहीवर सही केली असती, पुढच्या महिन्यात मी बाळांच्या वॉर्डात गेले असते आणि हे प्रकरण आपोआप मिटलं असतं. सांगितलं तर सही गेली, वर्ष गेलं, आणि आईला काय सांगायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे उत्तर मिळालं असतं. हो, दहालाच गेली होती ती, गार पडली होती. हे ऐकल्यावर मी या पांढऱ्या कपड्यांत पुन्हा कुणाच्या खाटेजवळ कशी उभी राहणार होते? काचेत माझी कॉलर दिसली. डावीकडे ओढलेली. मी ती सरळ केली, ती परत तिकडेच गेली. म्हटलं, चल बाई, जा एकदाची.

इन्चार्ज सिस्टरांना मुली फौजदार म्हणतात. बुटक्या, गोल, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा की पेशंटसुद्धा सावरून बसतात. त्या औषधांच्या कपाटापाशी बाटल्यांवरच्या तारखा तपासत होत्या. मी जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. मी म्हटलं, "नऊ नंबरची नाडी मी घेतली नव्हती."

त्यांनी हातातली बाटली उजेडात धरली, तारीख वाचली, बाटली ठेवली, दुसरी उचलली. "माहितीये."

मला वाटलं त्यांना कळलं नाही मी काय म्हणतेय. "त्या सोमवारी, सिस्टर. दहाची. मी आठ नंबरचीच उतरवली."

"अगं माहितीये म्हटलं ना. तीन दिवस जिची नाडी एकशेवीसच्या खाली येईना, तिची एकदम शहात्तर? आणि श्वास अठरा? शेजारणीची पण शहात्तर न् अठरा! म्हटलं, या दोघी जुळ्या बहिणी की काय." त्यांनी चष्मा गळ्यात सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "साडेदहाला राउंड असतो, म्हणून दहा वाजून पाच मिनिटांनी मी सगळे चार्ट टेबलावर घेऊन बघत होते. तुझा आकडा बघितला आणि उठून गेले. मनगटाला लागतच नव्हती. मानेला लागली, एकशेचौतीस. तुझं खोडून लाल पेनाने लिहिलंय, माझ्या सहीने. चार्टवर आहे ते."

"म्हणजे दहाला त्या..."

"होत्या. दहा बावीसपर्यंत होत्या."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जाणार? अशी अवस्था बघून उठून येणार का? स्टूल ओढलं न् बसले. हात हातात घेतला."

मी कपाटाला हात टेकला. मला वाटलं होतं की खरं कळलं तर जमीन फाटेल, आणि इथे ही बुटकी बाई सांगत होती की जिवंत होत्या, एकट्या नव्हत्या, कुणीतरी स्टूल ओढून बसलं होतं. माझ्या त्या खोट्या आकड्यानेच तिला उठवून तिथे नेलं होतं. पुण्य माझं नव्हे, हे मला कळत होतं. पण हायसं वाटलं ते वाटलं, त्याला मी काय करू?

"काय झालं मग?" मी विचारलं. आजोबांबद्दल जे कधी विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून असं अचानक बाहेर पडलं. "म्हणजे, पडद्याआड... कसं झालं?"

सिस्टरांनी जरा विचार केला. त्यांना प्रश्न साधाच वाटला असावा. "काही नाही गं. बोटं चाळवत होती त्यांची. चादरीची कड अशी दुमडत होत्या, दुमडायच्या आणि अंगठ्याने दाबायच्या. शिवणारी बाई ना. मग ते पण थांबलं. श्वासात अंतर पडत गेलं, मोठं मोठं. एकदा पडलं आणि पुढचा आलाच नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. मग घड्याळ बघितलं. एवढंच असतं."

"ओरडल्या वगैरे नाहीत?"

"ओरडायला अंगात काय होतं? शांत होत्या. सगळ्याच असतात असं नाही, पण या होत्या."

एवढंच असतं. मधल्या खोलीचं दार इतक्या वर्षांनी उघडलं आणि आत काय, तर एक खाट, एक स्टूल, आणि कुणीतरी हात धरून बसलेलं. बहुतेक आईच असणार. आजोबांना ओढून नेणारं कुणी नव्हतंच. मला रडू फुटलं.

"रडायचं तर सिंकपाशी जा. इथे औषधं आहेत," सिस्टर म्हणाल्या, पण खिशातून रुमाल काढून दिला. "आणि हे बघ, आम्हीपण शिकताना अशाच चुका केल्या, असलं काही सांगून मी तुझी समजूत घालणार नाही. मी नव्हती केली. त्या दिवशी मी चार्ट उशिरा बघितले असते तर? तुझ्या नशिबाने बघितले, म्हणून तू सुटलीस असं नाही."

"मग तुम्ही मला दहा दिवस बोलला का नाहीत?"

"वाट बघत होते. शनिवारपर्यंत तू येतेस का ते. आली नसतीस तर वहीवर सही नव्हती, हे पक्कं. चुकलेलीला शिकवता येतं गं. चुकून गप्प बसणारीला मी काय शिकवू?" त्यांनी कपाट बंद केलं, किल्ली कमरेला लावली. "उद्या ट्यूटरकडे लेखी द्यायचं, काय केलं ते, तुझ्या अक्षरात. बोलणी खाशील, खा. आता चार नंबरची नाडी घेऊन ये. पूर्ण मिनिट. चाराने गुणलेलं मला कळतं."

चार नंबरच्या आजी म्हणजे टेलिफोन ऑफिसातल्या ऑपरेटर, रिटायर झालेल्या. यकृताचा कर्करोग, आता फक्त वेदना कमी ठेवायच्या होत्या, आणि हे त्यांना स्वतःला सगळ्यांपेक्षा नीट माहीत होतं. हात म्हणजे पाकळीसारखा हलका. मी स्टूल ओढलं. ते ओढताना फरशीवर कर्कश आवाज झाला आणि अख्ख्या वॉर्डाने मान वळवली. बसले. खिशातला दुमडलेला फॉर्म टोचायला लागला. तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. अंगठा ठेवायचा नसतो, त्यात आपलीच नाडी लागते. त्यांचं मनगट गार होतं आणि माझी बोटं घामट.

"आज बसून?" आजींनी डोळे न उघडता विचारलं. "रोज तर उभ्या उभ्या पळतेस."

"आज निवांत आहे, आजी."

"बरंय. आमच्याकडे ट्रंक कॉल असायचे. लोक म्हणायचे, लवकर जोडा, लवकर जोडा. मी म्हणायची, लाइनवर राहा. त्याहून जास्त काय सांगणार? लाइनवर राहा."

मी घड्याळाचा काटा बारावर यायची वाट पाहिली आणि मोजायला लागले. नाडी बारीक होती, पण होती. एक, दोन, तीन. पंधरा सेकंदांपाशी सवयीने माझी बोटं सैल झाली, मनातल्या मनात पाढा सुरूही झाला. मी बोटं परत टेकवली. एकोणतीस, तीस. मग एक ठोका आलाच नाही. बोटांखाली काही नाही. नऊ नंबरपाशी त्या शनिवारी होती तशीच मोकळी जागा, आणि माझं उठून पळायला तयार झालेलं अंग. लिननच्या खोलीत आजही चादरी असतील. मी उठले नाही. एकतीस आला, जरा जोरात, उशीर झाल्याबद्दल माफी मागितल्यासारखा, आणि मला हसू आलं. बत्तीस, तेहतीस. खिडकीतून ऊन आजींच्या पायांवर येत होतं. पंचेचाळीस, सेहेचाळीस.

"आहेस ना गं लाइनवर?" आजी म्हणाल्या.

"आहे, आजी," मी म्हटलं, आणि आकडा चुकला. सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस, काही केल्या आठवेना. चार्टचा चौकोन समोर रिकामा होता. दोन्हींतला कुठलाही एक धरला असता तरी जगात कुणाला कळलं नसतं, फौजदारालासुद्धा नाही.

मी काटा पुन्हा बारावर येऊ दिला, त्यांचा हात नीट धरला आणि परत एकपासून सुरुवात केली.